मूत्रअसंयमात बस्ति व मूत्रमार्ग यांच्या दाबाचे मापन : वैद्यांसाठी अभ्यासपाठ

प्रास्ताविक

मंगळवेढा परिसराला ज्वारीचे कोठार म्हणतात. माघ-फाल्गुनात मालदांडीची काढणी सुरू झाली की येथील स्त्रिया पहाटेपासून शिवारात असतात. रब्बी ज्वारीचे ताट मुळासकट उपटावे लागते. कमरेत वाकून, पोटावर जोर देऊन ताट उपसायचे आणि पेंढी बांधून उचलायची, हा क्रम दिवसभर चालतो. याच दिवसांत वैद्याकडे कंबरदुखीसाठी आलेली स्त्री जाता जाता, बहुधा सोबतची सून किंवा जाऊ बाहेर गेल्यावर, हळूच सांगते की ताट उपटताना लघवी निसटते. कोणी सांगते की बांधापर्यंत पोचण्याआधीच लुगडे ओले होते. वृद्ध पुरुष तर काहीच सांगत नाही. धोतराला येणाऱ्या वासामुळे मुलगा त्याला घेऊन येतो.

या तिन्ही रुग्णांची तक्रार एकच आहे, लघवीवर ताबा राहत नाही. तिघांची संप्राप्ती मात्र वेगळी आहे. एकाला हितकर ठरणारी चिकित्सा दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. वृद्धाच्या थेंबथेंब गळणाऱ्या मूत्राला बहुमूत्र समजून स्तंभन द्रव्ये दिली, आणि प्रत्यक्षात बस्ति तुडुंब भरून केवळ ओसंडत असली, तर त्या काळात वृक्कांची हानी होत राहते. म्हणूनच आधुनिक शास्त्राने विकसित केलेले बस्ति व मूत्रमार्ग यांच्या दाबाचे मापन वैद्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. ही तपासणी मूत्रविकारतज्ज्ञांकडे होते व तिला युरोडायनॅमिक स्टडी असे म्हणतात. ती आपण स्वतः करावी असा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. रुग्ण केव्हा पाठवावा, आलेला अहवाल कसा वाचावा आणि त्यावरून चिकित्सेची दिशा कशी ठरवावी, एवढाच विचार येथे केला आहे.

ही तक्रार झाकली जाते, हेही आरंभीच लक्षात घ्यावे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक विकार आढळले, पण पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. हा अभ्यास मूत्रअसंयमाचा नव्हता. तरीही ग्रामीण स्त्री न विचारता सांगत नाही, हा त्याचा धडा आपल्या विषयास पूर्णपणे लागू पडतो. तेव्हा ‘खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी निसटते का?’ हा प्रश्न वैद्याने एकांतात, साध्या शब्दांत स्वतःहून विचारला पाहिजे.

शास्त्रोक्त आधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात बस्तीचे वर्णन करताना ती अधोमुख, पातळ त्वचेची, एकद्वार आणि भोपळ्याच्या आकाराची सांगितली आहे. पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलेला नवा घट जसा बाजूंनी झिरपून भरतो तशी ती भरते, हा त्यांचा दृष्टान्त सर्वांच्या परिचयाचा आहे. चरकाचार्यांनी हृदय व शिर यांच्या बरोबरीने बस्तीला त्रिमर्मांत स्थान दिले आणि मूत्रवह स्रोतसाचे मूळ बस्ति व वंक्षण असे सांगितले. मूत्राचे धारण व उत्सर्जन ही दोन्ही अपानवायूच्या अधीन आहेत. अपान धारणात दुर्बल झाला, अकाली चल झाला, किंवा त्याच्या मार्गात अवरोध आला, अशा तीन दिशांनी विकृतीचा विचार करता येतो.

मूत्राघाताचे सुश्रुतांनी बारा व चरकांनी तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील मूत्रातीत, मूत्रजठर आणि बस्तिकुण्डल हे तीन प्रकार येथे विशेष मननीय आहेत. मूत्रातीतात वेग धरून ठेवल्यामुळे पुढे मूत्र सुटत नाही, किंवा कुंथून पुन्हापुन्हा थोडे थोडे येते. मूत्रजठरात नाभीखाली आध्मान होते. बस्तिकुण्डलाच्या वर्णनात बस्ति स्थानापासून वर सरकून गर्भासारखी स्थूल होते, मूत्र थेंबथेंब गळते, मात्र वरून दाब दिल्यास धार लागते. हे वर्णन वाचताना भरून ओसंडणाऱ्या बस्तीचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. गळती दिसते म्हणून बस्ति रिकामी आहे असे समजू नये, हा इशारा आपल्या ग्रंथांत स्पष्ट आहे. तथापि प्राचीन व्याधी व आजची निदाने यांची एकास एक जोडी लावण्याचा मोह टाळावा.

दोन दाबांचा तोल

मूत्र बस्तीत टिकून राहण्याची अट एकच आहे : मूत्रमार्गातील दाब बस्तीतील दाबापेक्षा अधिक असला पाहिजे. हा तोल ज्या क्षणी उलटेल त्या क्षणी मूत्र बाहेर येईल. निरोगी माणसात लघवीला बसल्यावर तो इच्छेने उलटतो. मूत्रमार्गाचा संकोचक शिथिल होतो आणि डेट्रुझर हा बस्तीच्या भित्तीचा स्नायू आकुंचन पावतो. असंयमात हाच तोल इच्छेविरुद्ध उलटतो.

बस्तीतील दाब दोन कारणांनी वाढतो. पहिले कारण बाहेरचे असते. खोकला, शिंक, वजन उचलणे, कुंथणे यांमुळे उदरातील दाब वाढतो व तो बस्तीवर पडतो. दुसरे कारण आतले, म्हणजे डेट्रुझरचे स्वतःचे आकुंचन. बस्तीत एकच नळी घालून दाब मोजला तर या दोन्हींची बेरीज दिसते, कारण मात्र कळत नाही. म्हणून गुदातही एक नळी ठेवून उदराचा दाब स्वतंत्रपणे मोजतात आणि वजाबाकी करतात :

डेट्रुझर दाब = बस्तिदाब − उदरदाब

या तपासणीचा सारा पाया या एका वजाबाकीवर उभा आहे. दाब सेंटिमीटर जल, म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची, या परिमाणात देतात. पाऱ्याचा १ मिलिमीटर म्हणजे सुमारे १.३६ सेंटिमीटर जल होय.

ज्ञानाचा प्रवास थोडक्यात

इटलीतील मोस्सो व पेल्लाकानी यांनी १८८२ साली बस्तीच्या दाबाविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘युरोडायनॅमिक्स’ ही संज्ञा १९५४ च्या सुमारास रूढ झाली. स्वीडनच्या एनहोर्निंग यांनी १९६१ साली बस्ति व मूत्रमार्ग यांचे दाब एकाच वेळी मोजले. मूत्रमार्गाचा वरचा भाग उदराच्या दाबक्षेत्रात असेपर्यंत खोकल्याचा दाब बस्तीवर व त्या भागावर सारखाच पडतो आणि गळती होत नाही, असा विचार त्यांनी मांडला. प्रसूतीनंतर श्रोणितलाचा आधार ढिला होऊन बस्तिमुख खाली सरकले की हा समतोल बिघडतो. १९६९ साली ब्राऊन व विकहॅम यांनी मूत्रमार्गाच्या लांबीभर दाबाचा आलेख काढण्याची सोपी पद्धत दिली. १९७१ साली आंतरराष्ट्रीय मूत्रसंयम संस्था स्थापन झाली. तिने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या परिभाषेत मूत्र अनिच्छेने निसटल्याची कोणतीही तक्रार म्हणजे मूत्रअसंयम, अशी सुटसुटीत व्याख्या केली.

वैद्याच्या कक्षातील पूर्वपरीक्षण

दाबमापनाचा विचार करण्यापूर्वी पुढील गोष्टी तालुक्याच्या गावीही सहज होऊ शकतात.

१) मूत्रनोंद : तीन दिवस रुग्णाने दर वेळची लघवी मापपात्रात मोजून वेळेसह लिहावी. पाणी, चहा आणि गळतीचे प्रसंगही नोंदवावेत. लिहिता येत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्यावे. दर वेळी ६०-७० मिली आणि दिवसातून पंधरा वेळा, ही नोंद एक कथा सांगते. दर वेळी ४०० मिली आणि दिवसातून दहा वेळा, ही नोंद वेगळीच कथा सांगते. दुसऱ्या रुग्णात मूत्राचे प्रमाणच वाढलेले आहे, म्हणून प्रथम प्रमेहाचा शोध घ्यावा.

२) खोकला परीक्षा : बस्ति बऱ्यापैकी भरलेली असताना रुग्णास जोराने खोकावयास सांगावे. खोकल्याच्या क्षणीच मूत्र निसटून लगेच थांबले तर श्रमजन्य असंयमाची शक्यता अधिक असते. खोकल्यानंतर काही क्षणांनी मोठी गळती झाली तर खोकल्याने डेट्रुझर चेतविला गेला असावा.

३) उदरस्पर्शन व शेषमूत्र : लघवी केल्यानंतर नाभीखाली गोलसर, ताडनाने मंद ध्वनी देणारा उभार लागतो का ते पाहावे. सोनोग्राफीने शेषमूत्र मोजून घ्यावे. ५० मिलीपेक्षा कमी शेष सामान्यतः समाधानकारक मानतात. १५० च्या वर गेल्यास सावध व्हावे. ३०० च्या पुढे गेल्यास रुग्ण पाठविण्यास विलंब करू नये.

४) मूत्रपरीक्षण व रक्तशर्करा : जंतुसंसर्ग असताना दिसणारी लक्षणे संसर्ग गेल्यावर मावळू शकतात.

५) औषधांची चौकशी : रक्तदाबासाठी मूत्रल गोळ्या चालू आहेत का ते विचारावे. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी मूत्र अडते. आपल्याकडील कनकासव, सूतशेखर यांसारख्या धत्तूरयुक्त कल्पांचीही चौकशी अवश्य करावी. धत्तूरातील अल्कलॉइडे डेट्रुझरला शिथिल करतात. पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धात हा परिणाम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

६) मलावष्टंभ : साठलेला शुष्क मल हे वृद्धांतील असंयमाचे एक वारंवार आढळणारे व सहज दूर होणारे कारण आहे. अपानाचा मार्ग मोकळा करणे हा येथे पहिला उपक्रम होय.

बाळंतपण अडल्यानंतर किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्र दिवसरात्र, अखंड व वेगाशिवाय गळत असेल तर बस्ति आणि योनी यांत छिद्र पडल्याची शंका घ्यावी. तेथे औषधोपचारात वेळ न दवडता रुग्ण शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे पाठवावा.

दाबमापनाची पद्धती

प्रथम रुग्ण एका यंत्रावर लघवी करतो. यास युरोफ्लोमेट्री म्हणतात व त्यात धारेचा वेग कळतो. पुरेसे मूत्र असताना कमाल वेग सेकंदास १५ मिलीपेक्षा अधिक असल्यास तो सामान्यतः चांगला मानतात. यानंतर शेषमूत्र काढतात. बस्तीत दोन पोकळ्यांची बारीक नळी घालतात, एका पोकळीतून लवणजल भरले जाते व दुसरीतून दाब मोजला जातो. गुदात किंवा योनीत उदरदाबाची नळी ठेवतात. दाबाचे शून्य बाहेरच्या हवेशी जुळवतात आणि ट्रान्सड्यूसर हे दाबाचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारे उपकरण विटपास्थीच्या वरच्या कडेच्या पातळीवर ठेवतात.

नंतर रुग्णास खोकावयास सांगतात. दोन्ही नळ्यांतील दाब सारखाच वर उसळला तरच पुढील मापन ग्राह्य होय. एका नळीत उसळी कमी दिसली तर नळीत हवेचा बुडबुडा असेल किंवा ती सरकलेली असेल. अहवाल वाचताना ही खोकल्याची जोडी आहे का ते आधी पाहावे. ती नसेल तर पुढील आकड्यांवर विसंबू नये.

बस्ति सामान्यतः मिनिटास ५० मिली किंवा त्याहून कमी वेगाने भरतात. चेतासंस्थेचे विकार असलेल्यांत वेग आणखी कमी ठेवतात. पहिली जाणीव, लघवीची इच्छा आणि अनावर वेग यांच्या वेळचे आकारमान नोंदवितात. प्रौढाची क्षमता साधारणतः ३०० ते ५०० मिली असते. निरोगी बस्तीचा विशेष असा की ती ४०० मिली भरली तरी डेट्रुझर दाब जेमतेम काही सेंटिमीटरच वाढतो. या गुणास तन्यता म्हणता येईल. ४०० मिलीला ५ सेंटिमीटर वाढ म्हणजे तन्यता ८०, ही उत्तम. २०० मिलीलाच २५ सेंटिमीटर वाढ म्हणजे तन्यता ८, ही बस्ति ताठर झालेली आहे. शेवटी नळ्या तशाच ठेवून रुग्णास लघवी करावयास सांगतात व दाब आणि धार यांची एकत्र नोंद घेतात.

मूत्रात संसर्ग असताना ही तपासणी करीत नाहीत. तपासणीनंतर एखाद-दुसरा दिवस जळजळ होऊ शकते. ताप, थंडी किंवा रक्तमिश्रित मूत्र आल्यास लगेच कळवावे असे रुग्णास बजावावे. वक्षकशेरुका ६ च्या वर मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णात बस्ति भरताना रक्तदाब एकाएकी चढू शकतो. हा इतिहास पाठवण्याच्या चिठ्ठीत ठळकपणे लिहावा.

आलेखाचे वाचन : काही कल्पित उदाहरणे

पुढील आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत.

उदाहरण १ : विश्रांतीत बस्तिदाब २५, उदरदाब २२, म्हणून डेट्रुझर दाब ३. खोकताना बस्तिदाब १०५, उदरदाब १०२. वजाबाकी पुन्हा ३. याच क्षणी गळती दिसली. डेट्रुझर शांत असताना केवळ उदराच्या दाबाने मूत्र निसटले, म्हणून हा श्रमजन्य असंयम होय. ज्वारी उपटणाऱ्या स्त्रीची तक्रार बहुधा या प्रकारची असते.

उदाहरण २ : बस्ति १२० मिली भरलेली. बस्तिदाब ६०, उदरदाब २२, म्हणजे डेट्रुझर दाब ३८. रुग्णास अनावर वेग जाणवला व गळती झाली. येथे उदराचा दाब वाढलेला नाही, डेट्रुझर अकाली आकुंचन पावला. बांधापर्यंत न पोचणारी स्त्री बहुधा या गटात मोडते. वाताच्या चल गुणाचा विचार येथे अधिक समर्पक ठरतो.

उदाहरण ३ : दोन वृद्ध, दोघांचीही धार बारीक, दोघांतही शेषमूत्र पुष्कळ, दोघेही थेंबथेंब गळणारे. पहिल्यात कमाल धारेच्या वेळी डेट्रुझर दाब ७५ व धार सेकंदास ६ मिली. दाबातून धारेची दुप्पट वजा करावी : ७५ − १२ = ६३. हा अंक ४० च्या वर असल्यास अवरोध समजतात, २० च्या खाली असल्यास अवरोध नाही, मध्ये असल्यास निर्णय संदिग्ध राहतो. म्हणजे पहिल्या वृद्धात अवरोध आहे आणि बस्ति जोर लावून झगडत आहे. दुसऱ्यात दाब १५ व धार ५ : १५ − १० = ५. येथे अवरोध नसून बस्तीच दुर्बल आहे. जुन्या मधुमेहात असे घडू शकते, त्यात भरल्याची जाणीवही बोथट होते. पहिल्याला पौरुषग्रंथीची शस्त्रक्रिया उपयोगी पडण्याची शक्यता बरीच आहे, दुसऱ्याला त्यापासून फारशी आशा नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन रुग्णांतला हा भेद दाबमापनाशिवाय खात्रीने कळत नाही.

मूत्रमार्गाचा दाब

सुश्रुतांनी अश्मरी-शस्त्रकर्मात जपावयाच्या अवयवांत बस्तीबरोबर मूत्रप्रसेकाचाही उल्लेख केला आहे. या मार्गाची मिटून राहण्याची शक्ती मोजण्यासाठी बस्तीतील नळी ठरावीक संथ गतीने बाहेर ओढतात, त्या वेळी नळीच्या बाजूच्या छिद्रातून द्रव हळूहळू वाहत ठेवतात व त्याला होणारा रोध नोंदवितात. आलेख टेकडीसारखा दिसतो. टेकडीच्या शिखराचा दाब वजा बस्तिदाब म्हणजे कमाल संवरणदाब. उदाहरणार्थ, शिखर ७० व बस्तिदाब २० असेल तर संवरणदाब ५०. वय वाढते तसा हा दाब उतरत जातो. स्त्रियांसाठी ९२ मधून वय वजा करावे असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. हा दाब २० च्या खाली असल्यास संकोचकाचेच दौर्बल्य आहे असे समजण्याचा प्रघात आहे.

दुसरी रीत म्हणजे रुग्णास कुंथावयास सांगून किती दाबाला गळती सुरू होते ते पाहणे. ६० सेंटिमीटरच्या आतच गळती झाली तर संकोचक दुर्बल, ९० च्या वर झाली तर संकोचक बरा पण आधार ढिला, असा साधारण संकेत आहे.

या आकड्यांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. नळीची जाडी, रुग्णाची स्थिती, बस्तीतील आकारमान यांनुसार ते बदलतात, आणि संयमी व असंयमी स्त्रियांचे आकडे एकमेकांत पुष्कळ मिसळतात. केवळ मूत्रमार्गाच्या आलेखावरून निदान करू नये.

वेगधारण : एका शंकेचा विचार

येथे वैद्यापुढे एक मूलभूत शंका उभी राहते. चरकाचार्यांनी ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात मूत्राचा वेग धरू नये असे निक्षून सांगितले आहे. उलट डेट्रुझर अकाली चेतविला जाणाऱ्या रुग्णास आधुनिक वैद्यक बस्तिप्रशिक्षण सांगते, म्हणजे वेग आला तरी थोडा थांब व हळूहळू अंतर वाढव. मग हा शास्त्रविरोध आहे काय?

दाबमापन या शंकेचे उत्तर सुकर करते. १२० मिलीला आलेला अनावर वेग हा बस्ति भरल्याचा प्राकृत वेग नसून चल झालेल्या अपानाचे लक्षण आहे. त्याच्या मागे धावून दर अर्ध्या तासाला लघवी करणे म्हणजे एक प्रकारे वेगाचे उदीरणच होय, आणि अष्टांगहृदयकारांनी वेगाच्या धारणाबरोबर उदीरणही रोगकारक सांगितले आहे. प्रशिक्षणात अप्राकृत वेगाला वळण लावले जाते, प्राकृत वेगाचा रोध केला जात नाही.

मात्र याला एक कठोर अपवाद आहे. मॅग्वायर व सहकाऱ्यांनी जन्मजात मेरुरज्जूविकार असलेल्या मुलांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्यात गळती सुरू होण्यापूर्वी डेट्रुझर दाब ४० सेंटिमीटरच्या वर चढत असे, त्यांच्या मूत्रवाहिन्या व वृक्क यांत हानी होण्याचा धोका पुष्कळ अधिक आढळला. अशा ताठर, उच्चदाब बस्तीत मूत्र धरून ठेवणे घातकच होय. अवरोध असलेल्या वृद्धासही थांबण्याचा सल्ला देऊ नये. म्हणजे ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार वैद्याला शेषमूत्र पाहिल्यावर, आणि शंका असल्यास दाब मोजल्यावरच, प्राप्त होतो.

याच संदर्भात आपल्या शिवारातील वस्तुस्थितीही विसरू नये. ज्वारी उभी असेपर्यंत आडोसा असतो. काढणी झाली की काळे रान उघडे पडते आणि स्त्रिया घरी परतेपर्यंत वेग धरतात, तो येऊ नये म्हणून पाणीही पीत नाहीत. मुंबईत २०११ साली स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून ‘राईट टू पी’ ही चळवळ सुरू झाली. शहराचा हा प्रश्न शेतमजूर स्त्रीला अधिकच तीव्रतेने भेडसावतो. आपला सद्वृत्ताचा उपदेश आडोशाच्या सोयीवाचून पोकळ ठरतो, हे ग्रामसभेत सांगणे हेही वैद्याचे कर्तव्य आहे.

चिकित्सेची दिशा

श्रमजन्य असंयम : श्रोणितलाचे व्यायाम हा येथील पहिला उपचार होय. अमेरिकेतील डॉ. केगेल यांनी १९४८ साली त्यांची पद्धत मांडली व आकुंचनाचा दाब दाखविणारे साधनही वापरले. मूलबंध व अश्विनी मुद्रा यांत याच प्रदेशाचे आकुंचन अभिप्रेत आहे. एका वेळी किमान ८ आकुंचने, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने, आणि तीही योग्य स्नायूंची, हे नीट शिकवावे लागते. श्वास रोखून पोट कुंथल्यास उलटा परिणाम होतो. ताट उपटण्याच्या किंवा पेंढी उचलण्याच्या क्षणाआधी हे आकुंचन करावयास शिकविल्यास काम करतानाच त्याचा उपयोग होतो. स्थूल रुग्णांत वजन उतरविणेही हितकर असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ३३८ स्त्रिया होत्या. वजन सरासरी ८ टक्के घटविलेल्या गटात गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी, तर तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी कमी झाले. बल्य व बृंहण द्रव्ये, अभ्यंग, अनुवासन यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी.

अकाली चेतविला जाणारा डेट्रुझर : किमान सहा आठवडे बस्तिप्रशिक्षण, चहा कमी करणे, मलावष्टंभ दूर करणे व वातशामक उपक्रम. मूत्रल द्रव्ये सायंकाळनंतर देऊ नयेत.

शेषमूत्र अधिक असलेला रुग्ण : स्तंभन सर्वथा वर्ज्य. प्रथम बस्ति रिकामी होण्याची व्यवस्था, नंतर बाकीचा विचार. संसर्ग व अवरोध नाहीत याची खात्री झाल्याशिवाय उत्तरबस्ति देऊ नये. देताना निर्जंतुकतेचे नियम काटेकोरपणे पाळावेत.

आपल्या औषधोपचारांचा या व्याधीतील परिणाम दाबमापनाच्या कसोटीवर फारसा तपासला गेलेला नाही, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. यंत्र हाताशी नसले तरी चिकित्सेपूर्वी व तीन महिन्यांनंतर तीन दिवसांची मूत्रनोंद आणि शेषमूत्र हे दोन पुरावे प्रत्येक वैद्य जपून ठेवू शकतो.

कोणास पाठवावे, कोणास नको

प्रत्येक रुग्णास ही तपासणी आवश्यक नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, शस्त्रक्रियेपूर्वी साधा श्रमजन्य असंयम असलेल्या ६३० स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची केवळ दवाखान्यातील तपासणी झाली, दुसऱ्याचे दाबमापनही झाले. वर्षानंतर दोन्ही गटांत सुमारे ७७ टक्के स्त्रियांत उपचार यशस्वी ठरले. म्हणून खोकला परीक्षा स्पष्ट, शेषमूत्र कमी, संसर्ग नाही, अशा स्त्रीस प्रथम व्यायाम शिकवावेत, मोठ्या शहराचा हेलपाटा घडवू नये.

पुढील रुग्ण मात्र तज्ज्ञांकडे पाठवावेत : शेषमूत्र अधिक असलेले, पक्षाघात, कंपवात, मेरुरज्जूविकार किंवा दीर्घकालीन मधुमेह असलेले, असंयमाची शस्त्रक्रिया पूर्वी अयशस्वी झालेले, लक्षणे व परीक्षण यांचा मेळ न बसणारे, आणि योग्य उपचारांनी तीन महिन्यांत सुधारणा न झालेले. मूत्रात रक्त असल्यास प्रथम त्याच्या कारणाचा शोध घेणे अनिवार्य आहे.

मंगळवेढ्याहून सोलापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे. रोजंदारी बुडवून जाणाऱ्या रुग्णाची खेप वाया जाऊ नये म्हणून आधी दूरध्वनी करून उदरदाबासह पूर्ण मापन तेथे होते का, ते विचारावे. चिठ्ठीसोबत मूत्रनोंद, मूत्रपरीक्षणाचा अहवाल आणि चालू औषधांची यादी द्यावी. चिठ्ठीत प्रश्न स्पष्ट लिहावा, उदाहरणार्थ, ‘अवरोध की बस्तिदौर्बल्य?’ प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमके मिळते. स्त्रीरुग्णास तपासणीत नेमके काय होते ते आधी समजावून सांगावे. अनपेक्षित प्रसंगाने संकोचलेल्या स्त्रीची बस्ति यंत्रासमोर मोकळी होत नाही, आणि मग आलेखही खरे बोलत नाही.

उपसंहार

दर्शन, स्पर्शन व प्रश्न हे परीक्षेचे त्रिविध मार्ग आजही पायाभूत आहेत. दाबमापन हा स्पर्शनाचाच पुढचा टप्पा मानता येईल. हाताला न लागणारा बस्तीचा व मूत्रमार्गाचा तोल ते अंकांत दाखविते. त्या अंकांचा अर्थ लावण्यासाठी रुग्णाचे काम, वय, प्रसूती, आहार आणि वेग धरण्याची सवय यांची माहिती लागते, व ती गावच्या वैद्याइतकी कोणाजवळच नसते. यंदाच्या काढणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस तो एक प्रश्न एकांतात विचारावा, आणि थेंबथेंब गळणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या नाभीखाली हात ठेवल्याशिवाय औषधाची पुडी बांधू नये, एवढी विनंती वैद्यबांधव व भगिनींना करून हा अभ्यासपाठ पुरा करतो.